डोंगराच्या ओळीचं शेवटचं वेत

ती ओळ तुम्ही संपवलीत. रोगाने नव्हे, थंडीने नव्हे, तुम्ही. सहीच्या पेनाने. आणि वर वार्षिक अहवालात तीन शब्द लिहून हात झटकलेत: 'ओळ नैसर्गिकरीत्या संपुष्टात.' नैसर्गिकरीत्या! हा शब्द लिहिताना पेन जरासुद्धा अडखळलं नाही तुमचं?

खात्याच्या ज्या खुर्चीवरून हे लिहिलं गेलं, त्या खुर्चीतला माणूस पैदास केंद्राच्या मागच्या खोलीत कधी आलेला नाही. तेव्हा तिथे काय घडलं ते आता बसून ऐका. सारखं घड्याळाकडे बघू नका. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांचं सगळं आयुष्यच दोन वर्षांचं असतं, आणि त्यातले चार महिने तुम्ही एका उत्तराची वाट बघायला लावलीत.

केंद्र म्हणजे काय, तर शहराच्या कडेचं एक जुनं बैठं गोदाम. पुढे टेबल, बेसिन आणि दाण्यांची पिंपं. मागे लांबट, बिनखिडकीची खोली. तिच्यात दोन्ही बाजूंना पिंजऱ्यांच्या रांगा. डाव्या हाताला डोंगराची ओळ, म्हणजे डोंगराकडून आलेला वंश, उजव्या हाताला नदीची. मधली वाट एवढी अरुंद की बादली घेऊन जायचं तर अंग तिरकं करून चालावं लागे. त्या खोलीत दिवस आणि रात्र उलटे लावलेले होते. दिवे रात्रभर जळत आणि दुपारी एकला हळूहळू मंद होत विझत. मग फक्त तांबडा बल्ब. तांबडा उजेड या जनावरांना जवळजवळ दिसत नाही. त्यांच्या लेखी तिन्हीसांज झालेली असते आणि त्यांचा खरा कारभार सुरू होतो तो तिन्हीसांजेलाच. म्हणून बावीस वर्षं पिंजरेबाई रोज दुपारचं जेवण उरकून संध्याकाळीत शिरायची.

हजेरीपटावर तिचं खरं नाव आहे, तुम्ही ते मेमो काढताना बघितलंच असेल. केंद्रात मात्र तिला सगळे पिंजरेबाईच म्हणत. आठवड्यातून एकदा येणारे जनावरांचे डॉक्टर म्हणत, दाणे टाकायला येणारा गाडीवाला म्हणे, आणि घरी बापसुद्धा चिडवायचं असलं की म्हणे, "आल्या का पिंजरेबाई, पिंजरा बंद करून?"

आणि पिंजऱ्यात कोण, तर रानहॅमस्टर. दुकानात मिळतो तो मुठीत मावणारा गोंडस गोळा नव्हे. हा चांगला वीतभर लांब, पाठ तांबूस, गालांवर पांढरे ठिपके आणि पोट काळं कुळकुळीत, जणू शाईच्या ताटलीत बसून उठलेला. गालांच्या आत दोन पिशव्या. भरल्या की डोकं धडापेक्षा रुंद दिसतं. रागावला तर मागच्या पायांवर उभा राहून कुत्र्यालाही मागे सरकायला लावतो. एके काळी गव्हाच्या शेतात पावलागणिक याची बिळं असत. मग लोकांनी कातड्यासाठी मारले, पिकासाठी मारले, विषाने मारले, आणि शेवटी शेतंच अशी झाली की मारायचीही गरज उरली नाही. उरलेसुरले पकडून केंद्रात आणले: काही डोंगराच्या पायथ्याचे, काही नदीकाठचे. तुम्ही त्यांना दोन वेगळ्या शाखा ठरवलंत आणि एका वाक्याचा नियम केलात: 'दोन ओळींचा संकर होऊ नये, झाल्यास संतती ठेवू नये.'

हे वाक्य पिंजरेबाईच्या टेबलासमोर चौकटीत लावलेलं होतं. बावीस वर्षं तिने ते पाळलं, डोळ्यात तेल घालून पाळलं. पण वही काही वेगळंच सांगत होती. वंशावळीच्या त्या जाड वहीत प्रत्येक जोडी, प्रत्येक वेत, प्रत्येक पिल्लाचं वजन तिच्या हाताने लिहिलेलं. डोंगराच्या ओळीच्या पानांवर पहिल्या वर्षी वेतं नऊ-नऊ पिल्लांची. मग सात. मग पाच. मग तीन. मग एकेक पिल्लू, आणि त्याच्याही पुढे फुली. आया पिल्लं खाऊन टाकायच्या; नर तरुणपणीच थकायचे. रक्तातल्या रक्तात इतक्या जोड्या लागल्या होत्या की पिंजऱ्यातली प्रत्येक मादी प्रत्येक नराची एकाच वेळी बहीण, आत्या आणि भाची लागत होती.

"लग्नात मानपान कुणी कुणाचा करायचा हा प्रश्नच उरला नाही," डॉक्टर म्हणाले होते. पिंजरेबाई हसली नव्हती.

विद्यापीठातून जनुकांवर काम करणारी एक मुलगी वसंताच्या सुरुवातीला आली. तिला केंद्रात जनुकवाली हे नाव पडलं. तिने प्रत्येक जनावराच्या कानाचा तांदळाएवढा तुकडा काढून बाटल्यांत भरला. काम करता करता तिने पिंजरेबाईला समजावलं, "प्रत्येक जिवाला प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती मिळतात, ताई. एक आईकडची, एक बापाकडची. एक फाटकी निघाली तर दुसरीवर भागतं. तुमच्या डोंगरवाल्यांच्या दोन्ही प्रती आता एकाच फाटक्या कागदाच्या आहेत."

"मग नदीकडचा कागद आणून जोडला तर?"

"तेच बघायला तर तुकडे नेते आहे. खरंच दोन शाखा आहेत का, की एकाच्याच दोन फांद्या कुणी मध्येच तोडल्या."

"कधी कळेल?"

"हिवाळ्यापर्यंत," जनुकवाली म्हणाली आणि मग बाटल्यांकडे बघत जोडलं, "प्रयोगशाळेत रांग आहे."

पिंजरेबाईने मनातल्या मनात हिशेब केला. डोंगराच्या ओळीत आता दोनच जनावरं उरली होती. एक म्हातारा नर, त्याला ती म्हातारबा म्हणे. आणि एक मादी: वहीत तिचा क्रमांक डों-४१, पण लहानपणी भावाने नाकाचा शेंडा चावून तोडला म्हणून नाव नकटी. नकटीचा हा दुसरा उन्हाळा. तिसरा या जनावरांना सहसा नसतो. वसंतापासून दिवस लहान व्हायला लागेपर्यंत माद्या माजावर येतात, दर चार-पाच दिवसांनी एक संध्याकाळ. त्यानंतर अंगातलं घड्याळच बंद पडतं. नरांचे आंड आक्रसून पोटात जातात, माद्या दाणे साठवायला लागतात, शीतनिद्रेची तयारी. म्हणजे नकटीकडे मोजून पंचवीस-तीस संध्याकाळी होत्या.

त्या रात्री जेवताना बापाने विचारलं, "चेहरा का असा? कुणी मेलं का?"

"नाही. कुणी जन्मत नाही."

बाप चाळीस वर्षं सापळेवाला होता. याच जनावराचा. कातडी सोलून खुंट्यांवर ताणून वाळवायची, कोटाला अस्तर लावणाऱ्यांना द्यायची. आता गुडघे गेले होते, दिवसभर खिडकीशी बसून तो केंद्रासाठी लाकडी घरटी ठोकायचा. बिळाचं तोंड केवढं असावं, वळण कुठे असावं, हे त्याच्याएवढं कुणाला कळणार? ज्याने मारले त्याचीच लेक वाचवायला बसली आहे यावर शेजारीपाजारी बरंच बोलून घेत. बाप म्हणे, "बोलू दे. दोघांनाही एकच गोष्ट येते, ते कुठे राहतात हे ओळखायची."

"बाबा, डोंगरवाले आणि नदीवाले वेगळे होते का हो?"

"वेगळे म्हणजे?"

"खातं म्हणतं दोन शाखा आहेत."

बापाने चमचा खाली ठेवला. "त्या साहेबाला म्हणावं, मी दोन्हीकडचे हजारोंनी सोललेत. आतून-बाहेरून एकच. अगं, वसंतात नदीकडचे नर डोंगराकडे जायचे, एकेका रात्रीत कोसभर. मी त्यांच्या वाटेवरच तर सापळे लावायचो! मग मधून तो मोठा रस्ता काढला. पहिली काही वर्षं रोज सकाळी रस्त्यावर चपटे झालेले नर दिसायचे. मग दिसायचे बंद झाले. मध्ये रस्ता आहे, पोरी. शाखा-बिखा काही नाही."

"हे लिहू का अर्जात?"

"लिही की. खाली लिही, माहिती देणारा: सापळेवाला, गुडघे गेलेला, डोकं शाबूत."

तिने लिहिलं. नुसतं शेवटचं वाक्य गाळलं. नकटीला नदीच्या ओळीतला नर दाखवायची परवानगी मिळावी, वेळ थोडा आहे, असा अर्ज तिने वसंतात केला. महिन्याने दुसरा. त्यानंतर तिसरा, त्यात 'वेळ थोडा आहे' या शब्दांखाली रेघ ओढून. तिन्ही अर्ज तुमच्याकडे पोचले. पोचपावत्या आहेत. उत्तर नाही.

दरम्यान तिने नियमाने नकटीला म्हातारबाकडे नेलं. या कामात एक मेख असते. मादी माजावर नसताना नरासमोर सोडली तर ती त्याला फाडते. म्हणून आधी तिच्या पाठीवरून बोट फिरवायचं. माजावर असली तर ती जागच्या जागी ताठ होते, शेपूट वर, नजर कुठेतरी लांब. नसली तर बोट जातं. पिंजरेबाईच्या उजव्या हातावर अशा चुकलेल्या संध्याकाळींच्या सात खुणा होत्या. नकटीच्या बाबतीत तिची एकही संध्याकाळ चुकली नाही. चुकत होता म्हातारबा. तो यायचा, हुंगायचा, आणि तिच्या पाठीवर हनुवटी टेकवून झोपायचा.

डॉक्टरांनी त्याला उलटा करून बघितलं. "बाई, भर उन्हाळ्यात याचे आंड पोटात गेलेत. याच्या अंगात कधीच हिवाळा लागलाय."

"मग काय करू?"

"खात्याचं उत्तर येईपर्यंत काहीच नाही."

"आणि नाही आलं तर?"

डॉक्टरांनी म्हातारबाला सावकाश गवतावर ठेवला. "माझी पेन्शन दोन वर्षांवर आहे, बाई. मला असलं काही विचारू नका."

महिन्याच्या बावीस तारखेला दुपारी अडीचला नकटी माजावर आली. दिवस उतरणीला लागले होते. तिच्या आता दोन किंवा तीन संध्याकाळी उरल्या असतील. पिंजरेबाईने तिला म्हातारबाच्या पिंजऱ्यात सोडलं. म्हातारबा उठलासुद्धा नाही. दहा मिनिटं थांबून तिने नकटीला परत लाकडी खोक्यात घेतलं. खोकं छातीशी धरून ती मधल्या वाटेत उभी राहिली. उजव्या रांगेत, हाताच्या अंतरावर, नदीच्या ओळीतला एक तरुण नर जाळीला नाक लावून उभा होता, न-७७. अंगाने भरलेला, केसांवर तकाकी. बापाने त्याला न बघताच जावई म्हणायला सुरुवात केली होती. "जावयाचं काय म्हणणं आहे? अजून वाटच बघतोय?"

समोरच्या भिंतीपलीकडे चौकटीतलं ते वाक्य होतं. ते तिला पाठ होतं. खोक्यात नकटी ताठ उभी होती. पिंजरेबाईने बावीस वर्षांत पहिल्यांदा उजवीकडची कडी काढली.

काही मारामारी झाली नाही. जावयाने तिचं तुटकं नाक हुंगलं, तिचे कान चाटले, आणि पुढच्या अर्ध्या तासात निसर्गाने जे करायचं ते केलं, अगदी सावकाश, जणू मध्ये कधी रस्ताच नव्हता. पिंजरेबाई वाटेत जमिनीवर बसून राहिली. पाय बधिर झाले तरी उठली नाही.

आणि मग तिने ती चूक केली. चूक जोडी लावण्यात नव्हती. ती पुढच्या खोलीत आली, वही उघडली आणि लिहिलं: 'डों-४१ आणि न-७७. वेळ दुपारी २.४०. लाग झाला. परवानगी नाही. जबाबदारी माझी.'

घरी बाप कपाळावर हात मारून घेत राहिला. "म्हाताऱ्याचा नंबर टाकायचा होतास! कोण विचारणार होतं? नकटी सांगणार होती?"

"वहीत एकदा खोटं गेलं की पुढच्या सगळ्या जोड्या खोट्या होतात, बाबा. कुणीतरी वहीवर विसंबून भावा-बहिणीची गाठ घालून बसेल. मग एवढी वर्षं मी लिहिलं कशाला?"

"सापळेवाल्याने परतताना आपल्या पावलांचे ठसे पुसायचे असतात. एवढंसुद्धा नाही शिकलीस माझ्याकडून."

"मी सापळा लावला नव्हता."

"तू नव्हता लावलास," बाप म्हणाला आणि त्याने अर्धवट ठोकलेलं घरटं पुढे ओढलं.

महिनाअखेरीला वहीच्या पानांची नक्कल खात्याला जाते. तशी ती गेली.

पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला नकटी व्याली. पिंजरेबाईने पहिले दोन दिवस घरट्याचं झाकण उचललंच नाही. नवी आई बिथरली तर पिल्लं खाते. तिसऱ्या दिवशी नकटी दाणे खायला बाहेर आली तेव्हा तिने डोकावून बघितलं. सहा. शेंगदाण्यासारखी उघडीवाघडी, आणि सहाही हलत होती. तिने पुन्हा मोजलं. मग पुढच्या खोलीत येऊन बेसिनचा नळ सोडला आणि उगाचच हात धूत उभी राहिली. डोंगराच्या ओळीत इतकं मोठं जिवंत वेत होऊन किती वर्षं झाली हे शोधायला तिला वहीची मागची पानं उलटावी लागली. नऊ.

नकटीने एकही पिल्लू खाल्लं नाही. सातव्या दिवशी त्यांच्या पोटावर काळी छटा आली. चौदाव्या दिवशी डोळे उघडले. पंधराव्या दिवशी बाप हट्टच धरून बसला, "मला बघायचंय." टॅक्सी करून, काठी टेकत तो आला. तांबड्या उजेडात लाकडी स्टुलावर त्याला बसवलं. एक पिल्लू घरट्याबाहेर येऊन वाटाणा गालात कोंबायला बघत होतं. वाटाणा मोठा, गाल छोटा. अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि आता धड आत जाईना, धड बाहेर येईना. ते गोल गोल फिरायला लागलं.

बाप हसला. हसता हसता त्याने चष्मा काढला.

"मी किती मारले त्याची गणती नाही," तो म्हणाला. "पण एक सांगू? हंगाम संपताना प्रत्येक शेतात चार माद्या मागे ठेवायच्या, हा आमचा दंडक होता. सापळ्यात सापडलेली शेवटची चार सोडून द्यायची. माझ्या बापाने मला तेच शिकवलं. आम्ही खाटीक होतो, आंधळे नव्हतो."

"बाबा, हळू बोला. ती घाबरतील."

"बरं बाई. तुझं राज्य."

पंचवीस तारखेला खात्याचा कागद आला. तीन अर्जांना चार महिने ज्यांच्याकडे उत्तर नव्हतं, त्यांना हे उत्तर मात्र चटकन सुचलं. विनापरवाना संकर झाल्याचे नोंदवहीवरून निदर्शनास आले. नियमानुसार संतती ठेवू नये. दोन दिवसांत कारवाई करून अहवाल पाठवावा. संबंधित कर्मचाऱ्याकडून खुलासा मागवावा. खाली सही. सहीखाली तारीख चोवीस.

तिने फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये होते. पुन्हा लावला. साहेब मीटिंगमध्येच होते. तिसऱ्यांदा पलीकडची बाई म्हणाली, "मॅडम, लेखी द्या ना."

"लेखी दिलंय," पिंजरेबाई म्हणाली. "तीनदा."

डॉक्टरांनी गाडी बिघडल्याचा निरोप धाडून एक दिवस काढला. बाप म्हणाला, सोडून दे शेतात. पण पिल्लं अजून आईच्या दुधावर होती. आठ-दहा दिवस मिळाले असते तर तिने तेही केलं असतं, आणि तेसुद्धा वहीत लिहिलं असतं. मिळाले नाहीत. सत्तावीस तारखेला डॉक्टर आले ते खात्याच्या जीपमधून, सोबत पंचनाम्याला एक वयस्क कारकून, काखेत फाइल, नाकाला रुमाल.

"तुम्ही बाहेर थांबा, बाई," डॉक्टर म्हणाले.

"नाही. मीच काढून देते. माझ्या हाताचा वास त्यांना माहीत आहे."

तिने नकटीला दाणे दाखवून शेजारच्या पिंजऱ्यात घेतलं. मग घरट्यातल्या गवतासकट पिल्लं उचलली, म्हणजे त्यांना गार लागू नये. डॉक्टरांच्या पेटीत ती गवतासकटच ठेवली. पेटीला गॅसची नळी होती. वाटाणेवाल्याने अंधारात गालातला दाणा बाहेर काढून ठेवला; घाबरले की ते असंच करतात, पळायला तोंड मोकळं हवं म्हणून.

फार वेळ लागला नाही. फार वेळ लागला असता तर बरं झालं असतं असं तिला नंतर वाटलं, मध्येच कुणाचा तरी फोन आला असता.

कारकुनाने घसा खाकरला. "सहा ना? मोजून लिहायचंय. आणि हा शाखेचा रकाना आहे... यात काय भरू?"

"तुमच्या साहेबाला विचारून भरा," डॉक्टर म्हणाले आणि बेसिनकडे गेले. ते बराच वेळ हात धूत होते. जाताना त्यांनी पिंजरेबाईकडे बघितलं नाही.

नकटीला परत तिच्या पिंजऱ्यात सोडलं तेव्हा तिने आधी घरटं हुंगलं. मग कोपरे. मग तिने गालांत गवत भरायला सुरुवात केली. या माद्या धोका वाटला की पिल्लं गालात घालून दुसरीकडे नेतात. तिने उरलेलं गवत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेलं, ठेवलं, हुंगलं, पुन्हा गालात भरलं आणि परत आणलं. चार दिवस. पिंजरेबाईने पाठीवरून बोट फिरवलं तर ती ताठही झाली नाही, चावलीही नाही.

त्यानंतर ती माजावर आली नाही. म्हातारबा त्याच पंधरवड्यात गेला. दिवस लहान झाले, नकटीला थंड खोलीत ठेवलं. शीतनिद्रेतही ही जनावरं अधूनमधून जागी होतात, साठवलेलं खातात, पुन्हा वेटोळं करतात. नकटी तीनदा जागी झाली. तिने काही खाल्लं नाही. चौथ्यांदा जागी झाली नाही. पिंजरेबाईने वहीत तारीख लिहिली आणि कारणाचा रकाना कोरा ठेवला. तो तुम्ही भरलात. 'नैसर्गिकरीत्या' हा शब्द तिथून आला.

आता उरलेलं ऐका, थोडंच आहे.

वसंतात तुमचं परिपत्रक आलं. नव्या संशोधनानुसार दोन्ही ओळी एकाच शाखेच्या असल्याने यापुढे संकरास प्रोत्साहन द्यावे. डोंगराच्या ओळीतील माद्यांना प्राधान्य द्यावे. पिंजरेबाईने ते उभ्याने वाचलं. डाव्या हाताची रांग रिकामी होती. तिने पिंजरे धुऊन उलटे घालून ठेवले होते. घरी तिने तो कागद बापासमोर धरला. बाप म्हणाला, "वाचून दाखव." तिने वाचलं. तो म्हणाला, "पुन्हा." तिने पुन्हा वाचलं. मग त्याने हातातली हातोडी ठेवून दिली आणि त्या दिवसानंतर घरटं ठोकलं नाही.

चार दिवसांनी जनुकवाली आली. दारातच उभी राहिली.

"आत ये ना," पिंजरेबाई म्हणाली.

"ताई, मला वाटत होतं की तुम्हाला कळवलं असेल. मला पिल्लांचं आत्ता कळलं. डॉक्टरांनी सांगितलं."

"काय कळवलं असेल?"

"माझा निकाल लवकर लागला होता. मी रांग मोडून घेतली, तुमची नकटी डोक्यात होती म्हणून. दोन्हीकडचं रक्त एकच आहे, पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत मिसळत होतं. तुमच्या वडिलांनी सांगितलं होतं अगदी तसंच. मी स्वतः नेऊन दिला अहवाल, वर लाल शाईत 'तातडीचे' लिहून." तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "ही पोच. शिक्का बघा."

शिक्क्यात तारीख होती अकरा. नकटी व्याल्याच्या दुसऱ्या दिवशीची.

पिंजरेबाईने तो कागद टेबलावर ठेवला, शेजारी पिल्लं मारायचा आदेश ठेवला, आणि दोन्ही तारखांवर एकेक बोट. जनुकवाली रडायला लागली. पिंजरेबाई म्हणाली, "तू कशाला रडतेस? तू तर वेळेवर आली होतीस."

दोन्ही कागदांच्या नकला या लिखाणासोबत जोडल्या आहेत. तुम्ही तिच्याकडे खुलासा मागितला होता. तिने तो दिला, दंड सोसला, बढती गेली, चकार शब्द काढला नाही. आता खुलासा मागायची पाळी तिची.

अकरा तारखेला तो लिफाफा तुमच्या टेबलावर आला. चोवीस तारखेला तुम्ही सही केलीत. मध्ये तेरा दिवस होते. सही करताना तो लिफाफा उघडलेला होता की बंद? उघडलेला असेल तर तुम्ही सत्य वाचून सहा जीव मारलेत. बंद असेल तर न वाचता मारलेत. तिसरा रकाना नाही. दोहोंपैकी कोणता, ते सांगा. मीटिंगमध्ये आहोत म्हणू नका. लेखी द्या, खाली नाव घाला, आणि तारीख टाका.